गांजाचा खटला आणि वकिलाची निवड

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी, पण पायरी चढायची की नाही हे दर वेळी आपल्या हाती नसते. समजा, बडनेऱ्याला किंवा अकोल्याला गाडीत कोणी अनोळखी इसम म्हणतो, ‘बाबू, एवढी पिशवी धर जरा.’ कॉलेजात शिकणारे पोरगे भिडेखातर ती धरते, आणि झडतीत पिशवीतून गांजा निघतो. घरी निरोप येतो. बाप बिचारा हवालदिल होऊन गावभर विचारत सुटतो, ‘आता काय करायचं?’ या प्रश्नाचा विचार आपण वेळ येण्याआधीच करू या.

हे खटले १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याखाली चालतात. त्यात पहिली गोष्ट वजनाची. गांजा १ किलोहून कमी असेल तर ते ‘अल्प प्रमाण’. त्याला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोहून अधिक असेल तर ‘व्यापारी प्रमाण’. तिथे शिक्षा १० ते २० वर्षे, आणि दंड निदान १ लाख रुपये. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत कैद व १ लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणात जामीनही सहजासहजी मिळत नाही. आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. म्हणून काय तोलले आणि कसे तोलले, याला फार महत्त्व. कायद्याच्या भाषेत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने व बिया त्यात येत नाहीत.

दुसरी गोष्ट ताब्याची. माल जवळ सापडला एवढ्याने भागत नाही. तो जवळ आहे याची जाणीवही असावी लागते. परंतु येथे एक मेख आहे. ताबा सिद्ध झाला की जाणीव होती असे न्यायालय गृहीत धरते, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ हे आरोपीलाच पुराव्याने दाखवावे लागते. तो पुरावा म्हणजे प्रवासाचे तिकीट, सहप्रवाशाची साक्ष, स्टेशनावरील कॅमेऱ्याचे चित्रण. हे चित्रण कायमचे राहत नाही. ते राखून ठेवावे असा अर्ज वकिलाने लगोलग द्यावा लागतो. आठ-पंधरा दिवस नातलगांच्या सल्लामसलतीत घालवले, तर निर्दोष मुलाचाही बचाव हातचा जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट झडतीची. अंगझडतीपूर्वी, ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे सांगणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली हे निक्षून सांगितले. मात्र हा नियम अंगझडतीचा आहे, नुसत्या पिशवीच्या झडतीचा नव्हे. पुष्कळांची इथेच गल्लत होते. जप्त मालाचे नमुनेही दंडाधिकाऱ्यांसमोर काढावे लागतात. पंचनाम्यातील वेळ, वजन आणि मोहरा चांगला वकील ओळीओळीने तपासतो.

आता वकील शोधायचा कसा? अल्प प्रमाणाहून अधिक वजनाचे खटले सहसा जिल्ह्याच्या ठिकाणी विशेष न्यायाधीशांपुढे चालतात. म्हणून अमरावती वा अकोल्याच्या जिल्हा न्यायालयातील वकील संघात चौकशी करावी. या कायद्याखालचा खटला साक्षीपुराव्यापर्यंत चालवला आहे काय, तारखेला स्वतः उभे राहणार काय, जामिनाची फी किती व खटल्याची किती, हे मोकळेपणाने विचारावे आणि पैशाची पावती घ्यावी. ‘जामीन नक्की करून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. तो निर्णय न्यायाधीशांचा असतो. ठाण्याच्या दारात आपणहून गाठणाऱ्या मध्यस्थांपासूनही सावध असावे. अशिलांच्या मागे फिरायला वकिलांना त्यांच्या नियमांनीच मनाई आहे.

आणि पैसे नसतील तर? शेत विकायला काढण्यापूर्वी न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील व्यक्तीस, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. अटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे नेलेच पाहिजे. वकिलाचा हक्क त्याला त्याच वेळी समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले आहे.

मुलगा खरोखरच व्यसनात सापडला असेल, तर तेही लपवू नये. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात त्याने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत पूर्ण उपचार घेतले, तर खटल्यातून सुटका मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. पण तो मार्ग वकिलाने सुचवायचा, तर खरी हकिगत त्याला ठाऊक हवी. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगायचे ते सांगा. वकिलाला मात्र सारे खरे सांगा. ते गुपित राखण्यास तो कायद्याने बांधलेला असतो.