धंद्याचा मजकूर एआयकडून लिहून घ्यायचाय? सुरुवात अशी करा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे ओळखीतले छोटे व्यावसायिक हल्ली हमखास विचारतात, "चॅटजीपीटीचा कुठला प्लॅन घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं: आधी पैसे भरूच नका. फुकट आवृत्ती वापरा आणि एकच काम निवडा.

घरगुती मसाल्यांचा व्यवसाय घेऊ. पहिलं काम, प्रत्येक मसाल्याचं चार ओळींचं वर्णन.

"गोडा मसाल्याची जाहिरात लिही" एवढंच सांगितलं तर काय होईल? हे मॉडेल म्हणजे माहितीचं कपाट नव्हे. आधीच्या शब्दांवरून पुढे काय येईल, याचा ते अंदाज बांधत जातं. जाहिरातींमध्ये "रोगप्रतिकारशक्ती वाढवतो" असं सर्रास लिहिलेलं असतं, म्हणून तुमच्या मजकुरातही ते येऊ शकतं. तुमचा मसाला कधी तपासला गेलाय का, हे त्याला ठाऊकच नसतं.

जबाबदारी मात्र तुमचीच. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "एआयनं लिहिलं" ही सबब चालेल असं समजू नका. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला तिकीट सवलतीची चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉटच्या उत्तराला आम्ही जबाबदार नाही, हा कंपनीचा बचाव २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली.

म्हणून कच्चा माल तुम्ही पुरवा. उदाहरणार्थ, असं लिहा:

"गोडा मसाला. घटक: धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, लवंग, दालचिनी. वजन २०० ग्रॅम. आमटी आणि मसालेभातासाठी. वाचणारे: शहरात नोकरी करणारी जोडपी. ६० शब्द, साधी बोली मराठी. या माहितीपलीकडे एकही दावा करू नकोस."

सोबत तुमच्या स्वतःच्या दोन-तीन जुन्या पोस्ट द्या, म्हणजे तुमची भाषा त्याला पकडता येते. ग्राहकांचे फोन नंबर, पुरवठादारांचे दर मात्र टाकू नका. फुकट सेवांमध्ये तुमचं संभाषण मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरलं जाऊ शकतं. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं का, आधी बघून घ्या.

आलेला मजकूर दोनदा तपासा. एकदा तथ्यांसाठी: घटक, वजन, किंमत. एकदा भाषेसाठी. ही मॉडेल्स मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकलेली असल्यानं "तुमच्या चवीला पुढच्या स्तरावर न्या" अशी भाषांतरित वाक्यं येतात. मजकूर मोठ्यानं वाचा. गिऱ्हाईकासमोर जे वाक्य तोंडातून निघणार नाही, ते काढून टाका.

महिनाभर एक नोंद ठेवा: स्वतः लिहायला किती वेळ लागायचा आणि आता तपासण्यासकट किती लागतो. वेळ खरंच वाचत असेल, तर पुढचं काम एआयकडे द्या. पैसे भरायचे की नाही, हेही तेव्हाच ठरवा.