हत्तिणीचं माहेर

मैत्रिणींनो, हत्तींच्या जगातली एक गोष्ट मला फार आवडते. तिथे लेक सासरी जात नाही! कळपात जन्मलेली मादी आयुष्यभर आई, आजी, मावश्या आणि बहिणींबरोबरच राहते. घर सोडावं लागतं ते मुलग्याला. बारा-पंधरा वर्षांचा झाला की तो हळूहळू कळपापासून दूर होतो. कळपाची कर्ती असते सगळ्यात वयस्क हत्तीण. दुष्काळात पाणी कुठे मिळेल, धोका कुठून येईल, हे तिला अनुभवानं माहीत असतं, आणि बाकीच्या तिच्या मागून चालतात.

हत्तिणीचं पोट बावीस महिन्यांचं. आपल्याला नऊ महिने जड जातात, मग विचार करा! पिल्लू जन्मलं की सगळ्या जणी भोवती जमतात. कळपातल्या तरण्या पोरी ते पिल्लू सांभाळतात, आणि त्यातूनच आईपण शिकतात. थोडक्यात, हत्तीण एकटी राहण्यासाठी जन्मालाच आलेली नाही.

आता आपण मुलांना घेऊन जातो त्या प्राणीसंग्रहालयातला हत्ती डोळ्यांसमोर आणा. अनेक ठिकाणी एक, नाहीतर दोन. खाणं वेळेवर मिळतं, डॉक्टर असतो, उन्हाळ्यात अंगावर पाण्याचा फवाराही मारतात. मग अडतं कुठे? अडतं ते जागेचं आणि सोबतीचं. मोठा हत्ती दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा खातो आणि तो शोधण्यासाठी जंगलात मैलोन् मैल चालतो. या चालण्यावरच त्याचे पाय आणि सांधे नीट राहतात. सिमेंटच्या फरशीवर वर्षानुवर्षं उभं राहिलं की तळव्यांना भेगा पडतात, नखं वाढतात, जखमा चिघळतात आणि सांधे धरतात. दिवसभर ओट्याशी उभं राहून ज्यांच्या टाचा दुखतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक. एका जागी उभा राहून डावीकडे-उजवीकडे झुलणारा हत्ती आपण सगळ्यांनीच पाहिला असेल. 'बघ बघ, कसा मजेत डुलतोय!' असं आपण मुलांना सांगतो. पण जंगलातला हत्ती तासन् तास असा झुलत नाही. बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या हत्तीत हे दिसतं, आणि प्राण्यांचे डॉक्टर त्याला कोंडमाऱ्याचं लक्षण मानतात. आपण ज्यावर टाळ्या वाजवतो, तो त्याचा त्रास असतो.

शर्ली आणि जेनी

ही गोष्ट अमेरिकेतली. शर्ली नावाची हत्तीण 1948 साली सुमात्रा बेटावर जन्मली. लहानपणीच पकडून तिला सर्कशीत आणलं. तिथे तिनं वर्षानुवर्षं खेळ केले, जहाजाला लागलेल्या आगीतून ती वाचली. पुढे दुसऱ्या एका हत्तिणीच्या हल्ल्यात तिचा मागचा पाय मोडला आणि कायमचा वाकडा झाला. 1977 मध्ये ती लुईझियाना राज्यातल्या मन्रो गावच्या प्राणीसंग्रहालयात आली. त्यानंतर बावीस वर्षं तिनं दुसरा हत्ती पाहिला नाही.

तिचे तिथे हाल होत होते, असं मात्र नाही. सॉलोमन जेम्स नावाचा रखवालदार ही सगळी वर्षं तिची देखभाल करत होता. तिला आंघोळ घालायचा, तिच्याशी बोलायचा. त्याचा जीव होता तिच्यावर. पण तिला तिच्या जातीचं कुणी तरी हवं, हे त्यालाही कळत होतं. प्राणीसंग्रहालयानं ठरवलं, की शर्लीला टेनेसी राज्यातल्या हत्तींच्या आश्रयस्थानात पाठवायचं. हे आश्रयस्थान 1995 मध्ये सुरू झालं. सर्कस आणि प्राणीसंग्रहालयातून आलेल्या हत्तिणींना उरलेलं आयुष्य मोकळेपणी काढता यावं, एवढाच त्याचा हेतू. आज तिथे तीन हजार एकरांच्या आसपास जागा आहे. झाडं, टेकड्या, तळी. आणि पाहुण्यांना आत प्रवेश नाही. हत्ती पाहायचेच असतील तर कॅमेऱ्यातून!

1999 च्या जुलैमध्ये शर्ली ट्रकमधून तिथे पोचली. सॉलोमन सोबत होता. त्यानंच तिच्या पायातली साखळी काढली. हिच्या पायात पहिली साखळी कुणी घातली ते मला ठाऊक नाही, पण शेवटची माझ्या हातून सुटली याचं समाधान आहे, अशा अर्थाचं तो बोलला. या सगळ्याचं चित्रीकरण झालेलं आहे. त्याचा चेहरा पाहताना लेकीची पाठवणी करणारा बापच आठवतो.

त्या संध्याकाळी जेनी नावाची हत्तीण गोठ्याकडे आली. शर्लीला पाहताच ती अस्वस्थ झाली. दोघींच्या मध्ये लोखंडी गज होते. दोघी सोंडा एकमेकींकडे नेऊ लागल्या, मोठमोठ्यानं चीत्कारू लागल्या, आणि जवळ येण्याच्या धडपडीत त्यांनी ते जाड गज वाकवले. माणसांना कळेना, की झालंय काय. गज उघडल्यावर दोघी एकमेकींना सोडेनात. मग जुनी माहिती चाळल्यावर उलगडा झाला. वीसेक वर्षांपूर्वी दोघी एका हिवाळ्यात एकाच सर्कशीत होत्या. तेव्हा जेनी पिल्लू होती आणि शर्ली पंचविशी ओलांडलेली. आईपासून तोडलेल्या त्या पिल्लाला शर्लीनं त्या काही महिन्यांत जी माया दिली, ती दोघीही इतकी वर्षं विसरल्या नव्हत्या.

त्यानंतर दोघी मायलेकींसारख्या राहिल्या. जेनी 2006 मध्ये गेली. शर्ली वाकड्या पायानिशी 2021 पर्यंत, वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत जगली.

ही गोष्ट वाचल्यावर माझ्या मनात आलं, बावीस वर्षं सॉलोमननं काही कमी केलं नव्हतं. पण दुसऱ्या हत्तिणीची सोंड अंगावरून फिरणं, हे माणूस कुठून देणार? त्याला ते कळलं, म्हणून त्यानं तिला जाऊ दिलं.

आकडे काय सांगतात?

कुणी म्हणेल, एका हत्तिणीची गोष्ट झाली, त्यावरून काय ठरवायचं? 2008 मध्ये 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साडेचार हजारांहून जास्त हत्तींच्या नोंदी तपासल्या होत्या. केनियातल्या अंबोसेलीच्या जंगलात नैसर्गिक मृत्यू येणाऱ्या हत्तिणींचं आयुर्मान 56 वर्षं भरलं. युरोपातल्या प्राणीसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचं जेमतेम 17! आशियाई हत्तिणींचा हिशेबही तसाच. ब्रह्मदेशात लाकूड ओढायचं काम करणाऱ्या हत्तिणी सुमारे 42 वर्षं जगत होत्या आणि प्राणीसंग्रहालयात जन्मलेल्या सुमारे 19 वर्षं.

बघा हं, लाकूड ओढणाऱ्या हत्तिणी कष्टाचं काम करतात. त्यांना कुणी आयतं खाऊ घालत नाही. पण काम संपलं की त्यांना जंगलात चरायला सोडतात, तिथे चालणं होतं आणि इतर हत्तींची सोबतही मिळते. आयतं खाऊन एका जागी राहणाऱ्यांपेक्षा त्या जास्त जगल्या. अलीकडे काही प्राणीसंग्रहालयांनी जागा वाढवल्या, मातीची जमीन केली, हत्तींना गटानं ठेवायला सुरुवात केली, हेही सांगायला हवं. फरक त्यानं पडतोच.

आश्रयस्थान म्हणजे स्वर्ग नव्हे

सगळं सोपं असतं तर किती बरं झालं असतं! पण माणसात वाढलेला हत्ती जंगलात नुसता सोडून देता येत नाही. चारा शोधणं, रानटी कळपात मिसळणं त्याला येत नाही, आणि माणसाची भीती नसल्यानं तो सरळ गावात, शेतात शिरतो. म्हणून मधला मार्ग आश्रयस्थानाचा. तिथे जागा मोठी, सोबत हत्तींची, पण चारा-औषधपाणी माणसानं बघायचं. आपल्याकडे कायद्यानं जाहीर केलेलं 'अभयारण्य' वेगळं, तिथे रानटी प्राणी राहतात.

या आश्रयस्थानांतही अडचणी येतात. टेनेसीतल्या याच जागी 2006 मध्ये एका हत्तिणीच्या हल्ल्यात तिची देखभाल करणारी तरुणी मरण पावली. 2009 मध्ये तिथल्या काही कर्मचाऱ्यांना हत्तीकडून क्षयरोगाचा संसर्ग झाला. आयुष्यभर मार खाल्लेला प्राणी नव्या जागी लगेच शांत होतो असं नाही. शिवाय खर्च प्रचंड, आणि हत्ती पन्नास-साठ वर्षं जगणारा. ही जबाबदारी घेणारा तितकाच खंबीर हवा.

तरीही हत्तीला काय मिळतं, ते इस्लामाबादच्या कावनकडे पाहून कळतं. श्रीलंकेहून 1985 मध्ये आलेला हा हत्ती तिथल्या प्राणीसंग्रहालयात वाढला. त्याच्या जोडीदारणीचं नाव होतं सहेली. ती 2012 मध्ये गेली आणि कावन एकटा पडला. भिंतीशी उभा राहून डोकं हलवत राहायचा. 2020 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं त्याला हलवण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर विमानानं तो कंबोडियातल्या आश्रयस्थानात गेला. पोचल्यावर त्याची आणि तिथल्या एका हत्तीची सोंडेला सोंड लागली. आठ वर्षांनंतरचा तो पहिला स्पर्श.

आणि आपल्याकडे?

भारतात केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणानं 2009 मध्येच सांगितलं, की प्राणीसंग्रहालयांतले हत्ती जंगल विभागाच्या छावण्यांत, मोकळ्या जागी हलवा. पण सगळीकडे ते झालं नाही. दिल्लीच्या प्राणीसंग्रहालयात 1998 मध्ये आलेला शंकर हा आफ्रिकी हत्ती झिंबाब्वेची भेट होता. त्याची जोडीदारीण काही वर्षांतच गेली आणि पुढे तो एकटाच राहिला. त्याच्यासाठी लोक न्यायालयात गेले, पण 2025 च्या सप्टेंबरमध्ये, ऐन एकोणतिशीत, आजारानं तो गेला. त्याला सोबत मिळाली नाही ती नाहीच.

आपल्या कोल्हापूर भागाला तर हा प्रश्न घरचाच आहे. जोतिबाच्या देवळातला सुंदर हत्ती 2014 मध्ये बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला. 2025 च्या जुलैमध्ये नांदणीच्या मठातली महादेवी, म्हणजे सगळ्यांची लाडकी माधुरी, न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारात नेली. निरोप देताना गाव ढसाढसा रडलं, पुढे मोठा मूक मोर्चा निघाला. न्यायालयापुढे तिच्या पायांच्या दुखण्याचे अहवाल होते, आणि गावाचं म्हणणं होतं, की ती आमच्या घरातलीच आहे. त्यानंतर तिच्यासाठी नांदणी परिसरातच केंद्र उभारण्याचीही बोलणी सुरू झाली.

त्या दिवसांत आमच्या मंडळात दोन तट पडले होते. एकीला त्या गावाचे अश्रू खोटे वाटत होते, दुसरीला ते अहवाल. मला वाटतं, दोन्ही खरं असू शकतं. त्या लोकांचं प्रेम खरं, आणि तिच्या पायांची दुखणीही खरी. ती कुणाच्या मालकीची, यावर आपण खूप भांडलो. तिच्या पायाखाली माती आहे का, तिला सोबतीण आहे का, हे विचारणारे मात्र थोडे होते. ते कोल्हापुरात मिळालं काय नि जामनगरात मिळालं काय, तिला सारखंच.

आपल्या हातात काय?

हत्ती पाळणारे आपण नव्हे, पण बघायला जाणारे, केळी देणारे, मुलांना पाठीवर बसवणारे आपणच ना? मग एवढं नक्की करता येईल.

सहलीला प्राणीसंग्रहालयात गेलात तर हत्तीसमोर थांबून तीन गोष्टी बघा. तो एकटा आहे का? पायाखाली माती आहे की सिमेंट? आपल्या नजरेआड जायला त्याला जागा आहे का? मुलांनाही हे बघायला शिकवा. उत्तरं वाईट असतील तर तिथल्या अभिप्राय वहीत किंवा पत्रानं व्यवस्थापनाला कळवा.

जिथे हत्तीवर बसवतात, त्याच्याकडून चित्रं काढून घेतात, फुटबॉल खेळवतात, त्या जागेच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ती जागा हत्तीसाठी नाही, आपल्या करमणुकीसाठी आहे. वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वरातीला हत्ती आणायचा बेत असेल तर घरातल्या बाईनं ठाम नाही म्हणावं. बाईचा शब्द अशा वेळी चालतो, हा माझा अनुभव आहे.

तापलेल्या डांबरी रस्त्यावरून हत्तीला पैसे मागत फिरवत असतील तर नाणी देऊ नका. हत्ती हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. वन खात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करून जागा आणि वेळ सांगा.

आणि घरी मुलांना हत्तीची गोष्ट सांगाल तेव्हा सर्कशीतल्या स्टुलावर बसलेल्या हत्तीची सांगू नका. आजीच्या मागून पाणी शोधायला निघालेल्या कळपाची सांगा. बाहेर हत्ती बघताना मग तेच विचारतील, 'आई, हिची आजी कुठे आहे?' या प्रश्नाला आपल्यापाशी बरं उत्तर असावं, एवढंच.