अल्पखर्ची चित्रपटातील दृश्य-विश्वसनीयता

नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचा. त्यांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकात लाकूड, कापड आणि रंग यांच्या बळावर रायगड उभा राहतो आणि प्रेक्षक तो निमूटपणे स्वीकारतो. कारण नाट्यगृहात शिरतानाच त्याने तसा संकेत मान्य केलेला असतो. कॅमेरा हा संकेत जाणत नाही. भिंत कापडाची असेल तर ती कापडाचीच दिसते. अल्प भांडवलावर निघणारे स्वतंत्र चित्रपट पुष्कळदा या ठिकाणी फसतात व दोष पैशाच्या तुटवड्याला दिला जातो. हे निदान कितपत खरे आहे, याचा विचार करण्यास मराठी चित्रपटाचा आरंभकाळ उपयोगी पडतो.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आणि त्यांच्या नात्यातील आनंदराव हे मूळचे नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणारे नामांकित चित्रकार. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतःच कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आला. ज्याची हयात पडदे रंगविण्यात गेली, त्यानेच चित्रपटातून सपाट रंगीत पडदा हटवून लांबी-रुंदी-खोली असलेले नेपथ्य आणले, ही घटना लक्षणीय होय. चित्रित सावली एकाच बाजूला पडते. पात्राची सावली मात्र दिव्याप्रमाणे फिरते. या दोहोंत विसंगती आली की डोळा फसत नाही. त्या काळची फिल्म तांबड्या रंगास जवळजवळ असंवेदनशील असल्याने लाल वस्तू काळी उमटे. तेव्हा नेपथ्याचा रंग डोळ्यांना कसा दिसतो यापेक्षा तो करड्या छटांत कसा उतरेल, हे पाहावे लागे. ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला.

‘सावकारी पाश’ (१९२५) या चित्रपटात हा विचार परिणत झालेला आढळतो. सावकाराच्या पाशात सापडून जमीन गमावलेला आणि अखेर शहरात गिरणी कामगार झालेला शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला. जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीत या चित्रपटातील अंधुक प्रकाशातली एक उदास झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारा कुत्रा कायम राहिला. या दृश्याची सामग्री अगदी तुटपुंजी आहे. पण अंधाराने जे झाकले ते उभारावे लागले नाही, आणि जे उजेडात राहिले ते खोटे नव्हते. अल्पखर्ची चित्रणाचे सूत्र हेच म्हणता येईल: जे खरे करता येत नाही ते चौकटीबाहेर ठेवावे, जे चौकटीत येईल त्याबाबत तडजोड करू नये.

या सूत्राचा उपयोग रहिमतपूरच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. १९५० सालची एक कथा तेथील रेल्वे स्थानकावर घडते असे समजा. पुणे–मिरज मार्ग त्या काळी मीटरगेज होता. १९७० च्या सुमारास तो ब्रॉडगेज झाला. आजचे रूळ दाखविले की जाणकार प्रेक्षकाचा विश्वास तेथेच ढळतो. जुनी गाडी उभी करणे तर आवाक्याबाहेरचे. परंतु रात्रीचा फलाट, हातातील कंदील, गाडीचा आवाज आणि वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावरून सरकणारा उजेड, एवढ्यावर प्रसंग उभा राहू शकतो. मात्र त्या उजेडाची दिशा प्रत्येक शॉटमध्ये एकच हवी. स्त्रीचे लुगडे दुकानातून नुकते आणलेले दिसता कामा नये. कंदिलाच्या काचेवर काजळी हवी. दिवसाचे चित्रण असेल तर माथ्यावरच्या कडक उन्हापेक्षा सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश निवडावा. तो फुकट मिळतो. फक्त त्याची वाट पाहावी लागते. पैशाची उणीव पुष्कळदा वेळाने भरून काढता येते, असा याचा अर्थ.

अलीकडील चित्रपटांतही हेच दिसते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मधील न्यायालय पटते ते भव्यतेमुळे नव्हे. स्थिर कॅमेरा, लांबलेले शॉट आणि कंटाळलेली माणसे यांतून कनिष्ठ न्यायालयाचे रोजचे जीवन साकारते. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला प्रत्यक्ष स्थळावरील ध्वनिमुद्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चौकटीबाहेरचे जग आवाजानेही उभे करता येते, याचा तो दाखला होय.

‘ख्वाडा’साठी दिग्दर्शकाने घरची जमीन विकली होती. ‘सावकारी पाश’मध्ये जमीन जाणे हा कथेचा विषय होता, येथे ती चित्रपटाची किंमत ठरली. एवढे मोल देऊन उभी केलेली झोपडी जर झोपडीत राहणाऱ्यालाच खोटी वाटली, तर नुकसान केवळ कलेचे होत नाही. म्हणून असलेला पैसा प्रेक्षकाने कधी न पाहिलेल्या वैभवावर उधळण्यापेक्षा, जे तो रोज पाहतो त्याच्या अचूकतेवर आधी खर्च होणे श्रेयस्कर.