गारपीट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यात हिमवर्षाव होत नाही. बालाघाटाच्या रांगांवर थंडी बोचते, पण बर्फ भुरभुरण्याइतकी हवा गार होत नाही. इथे आकाशातून बर्फ येतो तो गारांच्या रूपाने, आणि तोही बहुधा थंडी ओसरू लागल्यावर. म्हणूनच ‘कडाका वाढला की गारा पडतात’ हा समज चुकीचा आहे. गारेला तापलेली जमीन लागते. दुपारी तापलेली दमट हवा वेगाने वर चढते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्यातले पाण्याचे थेंब शून्याखालीही न गोठता राहतात व बर्फाच्या कणाला भिडताच त्यावर थर धरतात. वर ढकलणाऱ्या वाऱ्याला ते वजन पेलेनासे झाले की गार कोसळते.

2014 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत हेच पुन्हा पुन्हा घडले. समुद्रावरून आलेली दमट हवा आणि उत्तरेकडून आलेले वरच्या थरातले थंड वारे राज्यावर एकत्र आले. धाराशिवसह (तेव्हाचे उस्मानाबाद) मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात रब्बीची पिके व फळबागा झोडपल्या गेल्या, जनावरे आणि माणसेही दगावली.

तरीही गारांनी फार तर टेंगूळ येते असे मानले जाते, आणि पोरे गारा वेचायला अंगणात धावतात. मोठ्या लिंबाएवढी गार ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येते. डोक्यावर बसली तर कवटी फुटू शकते. 30 एप्रिल 1888 रोजी मुरादाबादेत गारपिटीने 246 माणसे मेली. बांगलादेशातील गोपालगंज येथे 1986 मध्ये एक किलोहून जड गारा पडल्याची नोंद आहे. गारा वेचायच्याच असतील तर वादळ पूर्ण सरल्यावर वेचाव्यात.

सर्वांत घातक समज आडोशाबद्दलचा आहे. शेतात काम करणारी माणसे आंब्याखाली किंवा लिंबाखाली धावतात, जनावरेही तिथेच बांधलेली असतात. गारपीट आणि वीज एकाच ढगातून येतात. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारच्या माणसावर झेप घेते, मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. शिवाय वाऱ्याने फांद्या मोडतात. पक्क्या छताचे घर, शाळा, समाजमंदिर किंवा काचा बंद केलेली मोटार हाच खरा आसरा. पत्र्याच्या शेडचा भरवसा धरू नये: नुसते दगड ठेवून दाबलेले पत्रे वादळात उडतात, आणि ते दगड आतल्या माणसांवर पडतात. हंगामापूर्वी पत्रे हुक-बोल्टने आवळून घेणे हे काम खर्चाच्या मानाने फार मोलाचे आहे. उघड्या माळावर काहीच जवळ नसेल, तर पोते, घोंगडे किंवा पाटी डोक्यावर धरून झाडे, विजेचे खांब आणि तारेचे कुंपण यांपासून दूर, सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये. हा उपाय नाइलाजाचा आहे, तो सुरक्षित नव्हे.

रबरी चप्पल विजेपासून वाचवत नाही. किलोमीटरभर हवा भेदून आलेल्या विजेला इंचभर रबर अडवत नाही. खिशातला मोबाइल वीज ओढून घेतो हेही खरे नाही, उलट तो कामाचा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. गारा थांबल्या म्हणजे धोका टळला असेही नव्हे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास आतच थांबावे.

तोफेचे बार काढून गारा फोडता येतात, या समजाला वैज्ञानिक आधार मिळालेला नाही. द्राक्षबागेवर जाळी किंवा आच्छादन घालणे खर्चिक असले, तरी त्याचा उपयोग दिसून आला आहे.

शेवटचा गैरसमज जिवाशी खेळणारा आहे: वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर धक्का बसतो. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास आणि नाडी बंद असेल तर 108 क्रमांकावर फोन लावून लगेच छातीच्या मधोमध जोराने दाब द्यायला सुरुवात करावी, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये.