गुण्याची परीक्षा कोण घेणार?

सुताराच्या हातातला गुण्या तुम्ही पाहिला असेल. चौकटीचा कोपरा काटकोनात आहे की नाही, हे तो गुण्या लावून तपासतो. पण गुण्याच चुकीचा असेल तर?

हाच प्रश्न संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या मिलिंग यंत्रावरही उभा राहतो. या यंत्रात फिरते दातेरी हत्यार धातू कोरून काढते. आलेखावर बिंदू मांडावा, तशी हत्याराची जागा क्ष आणि य या अक्षांवरून ठरते. दोन्ही अक्षांत नेमका ९०° कोन हवा. तो अवघा ०.१° ने चुकला, तर १०० मिलिमीटर अंतरावरचे भोक सुमारे ०.१७ मिलिमीटर बाजूला पडते. मग जोडायचे भाग एकमेकांत बसत नाहीत.

ही चूक मोजण्यासाठी मेजावर पोलादी गुण्या ठेवून त्याची एक भुजा क्ष अक्षाला समांतर लावतात. हत्याराच्या जागी डायल गेज बसवतात. त्याचे टोक दुसऱ्या भुजेला टेकवून य अक्षावर १०० मिलिमीटर सरकवतात. समजा, भुजा ०.०५ मिलिमीटर उजवीकडे कलल्याचे दिसले. दोष यंत्राचा की गुण्याचा?

आता गुण्या पालथा घालून पुन्हा मोजायचे. यंत्राचा दोष पूर्वीच्याच दिशेला दिसतो. गुण्याचा मात्र उलट दिशेला जातो. समजा, या वेळी कल ०.०३ मिलिमीटर उजवीकडे आला. दोन्हींची बेरीज ०.०८. तिच्यात गुण्याचा दोष कटून जातो. तिची निम्मी, म्हणजे ०.०४ मिलिमीटर, ही यंत्राची चूक. वजाबाकी ०.०२, तिची निम्मी, ०.०१ मिलिमीटर, ही गुण्याची!

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. एका अक्षाच्या रुळाचे बोल्ट सैल करून तो किंचित फिरवायचा आणि पुन्हा मोजायचे. किंवा ही चूक संगणकाला कळवायची. मग य अक्षावर ५० मिलिमीटर जाताना तो क्ष अक्षावर ०.०२ मिलिमीटर सरकून चूक भरून काढतो. मात्र हत्यार धरणारा दांडाच तिरपा असेल, तर तीन अक्षांच्या यंत्रात संगणक काही करू शकत नाही. तो हातानेच सरळ करावा लागतो.

तुमच्या कंपासपेटीतल्या गुण्याचीही अशीच परीक्षा घ्या. एका रेषेवर त्याने लंब काढा. गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून पुन्हा लंब काढा. दोन्ही लंब एकमेकांवर पडले, तर गुण्या खरा. फाकले, तर त्यांच्यातील कोनाचा निम्मा भाग ही गुण्याची चूक!