आकाशांतील शेजार

आळ्याच्या माळावरून रात्रीं दोन दिवे एकमेकांस चिकटून दिसावेत, आणि त्यांतला एक जवळच्या मळ्यांतला तर दुसरा चार कोसांवरच्या डोंगरावरचा निघावा, तसें आकाशांतहि होतें. धनु राशींतील ‘एसजीआर १८०६-२०’ हा चुंबकतारा शेजारच्या तेजोमेघांतच जन्मला, अशी बरींच वर्षें समजूत होती. तो मेघ अतिनवताऱ्याच्या स्फोटाचा अवशेष मानला जाई. पुढें तो दुसऱ्याच एका ताऱ्याच्या वाऱ्यानें फुललेला निघाला आणि शेजाराचा पुरावा बाद झाला.

२७ डिसेंबर २००४ रोजीं या चुंबकताऱ्यावर प्रचंड उद्रेक झाला. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरांतहि त्याचा परिणाम नोंदला गेला. त्यांत किती शक्ति बाहेर पडली हें अंतरावांचून कळणें अशक्य. कारण अंतर निम्मे धरलें कीं शक्तीचा हिशेब एकचतुर्थांशावर येतो. तोंवर हें अंतर सुमारें ४९,००० प्रकाशवर्षें मानीत.

उद्रेकानंतर तेथून रेडिओ-लहरी येऊं लागल्या. त्या टिपणाऱ्यांत आळ्याच्याच टापूंतील, खोडदची महाकाय दुर्बीण होती. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या सुमारें २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यांत उभ्या आहेत. अभ्यासकांत कुरुंदवाड येथें जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हेहि होते.

अंतराची युक्ति अशी. आकाशगंगेंतील हायड्रोजनचे थंड मेघ २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी शोषून घेतात. आकाशगंगा फिरत असल्यानें अंतराप्रमाणें मेघांचे वेग बदलतात, आणि वेगाप्रमाणें शोषणाची खूण किंचित् सरकते. ज्या मेघाची खूण लहरींत उमटली तो स्रोताच्या अलीकडे. जो मेघ तेथें आहे पण ज्याची खूण नाहीं, तो पलीकडे असावा. या ‘असावा’ शब्दांतच सारी गोम आहे. खूण असणें हा साक्षीदार, नसणें हें केवळ मौन. शिवाय आकाशगंगेच्या आंतल्या भागांत एकाच वेगाला जवळचें व दूरचें अशीं दोन अंतरें जुळतात.

२००५ सालीं या रीतीनें अंतर सुमारें २१,००० ते ३२,००० प्रकाशवर्षें ठरविण्यांत आलें. त्याच वर्षीं इतर संशोधकांनीं आक्षेप घेतला: खालची मर्यादा मान्य, वरची नव्हे. आक्षेप रास्त होता. २००८ सालीं सभोंवतालच्या तारकागुच्छाच्या वर्णपटांवरून अंतर सुमारें २८,००० प्रकाशवर्षें आलें. म्हणजे उद्रेकाची शक्ति पूर्वींच्या हिशेबाच्या जवळजवळ एकतृतीयांशच.