मारुती माने विरुद्ध विजय चौधरी : संगणक काय सांगेल?

चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. त्याआधी अर्धशतक, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य जिंकले होते. १९६४ साली ते हिंद केसरी झाले. दोघे ऐन उमेदीत एकमेकांना भिडले असते तर?

वरणगावच्या आयुध निर्माणीत बनणारी गोळी कुठे पडेल, हे गणित आधीच सांगू शकते, कारण तिचे वजन, वेग आणि हवेचा विरोध मोजता येतो. पैलवानाचे तसे नाही.

तरीही संगणकाने असा निकाल काढण्याचा प्रयत्न मुष्टियुद्धात १९६७ सालीच झाला. मरे वोरोनर या अमेरिकी निर्मात्याने जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात भरून रेडिओवर काल्पनिक स्पर्धा घेतली. रॉकी मार्सियानो विजेता ठरला. मुहम्मद अली मात्र जिम जेफ्रीजकडून हरल्याचे दाखवले गेले आणि संतापलेल्या अलीने दावा ठोकला. पुढे अली आणि मार्सियानो कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, वेगवेगळे शेवट चित्रित झाले. १९७० मध्ये अमेरिकी प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत मार्सियानोचा विजय पाहिला. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला.

आजची पद्धत अधिक शिस्तीची आहे. भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवलेल्या गणितात प्रत्येक लढतीनंतर गुण बदलतात. बलाढ्याला हरवले तर जास्त गुण, दुबळ्याला हरवले तर कमी. दोघांत २०० गुणांचे अंतर असेल, तर वरच्याकडून सरासरी १०० पैकी ७६ गुणांची अपेक्षा धरतात. मिळते ती शक्यता, निकाल नव्हे.

दोन काळांतील मल्लांची तुलना करायची, तर मधली साखळी लागते. २०१६ च्या अंतिम फेरीत चौधरींनी अभिजित कटकेला हरवले. २०१७ ला कटके महाराष्ट्र केसरी झाला आणि २०१८ ला बाला रफिक शेखने त्याला नमवले. मग चौधरी आणि शेख यांच्यात सरस कोण? दोघांनीही कटकेला हरवले, एवढ्यावरून ते ठरत नाही. शिवाय २०१६ चा कटके आणि २०१८ चा कटके सारखा नव्हता.

डावपेचांचा मेळही साखळी तोडतो. मुष्टियुद्धातच पाहा: १९७१ मध्ये फ्रेझरने अलीला हरवले, १९७३ मध्ये फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत झोपवले आणि १९७४ मध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत पाडले.

कुस्तीत आणखी एक अडचण आहे, नियमांची. मातीवरच्या निकाली कुस्तीला वेळेचे बंधन नाही, पाठ टेकली की निकाल. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की लढत संपते. दमाचा पैलवान आणि चपळ पैलवान यांचे पारडे इथेच बदलते. म्हणून माने-चौधरी लढतीचे एकच उत्तर देणारा संगणक विश्वासार्ह नाही. माती की गादी, हे त्याने आधी विचारलेच पाहिजे.

त्याहून मोठी उणीव नोंदींची आहे. खानदेशातील यात्रा समित्यांनी आणि वस्तादांनी प्रत्येक मोठ्या कुस्तीची तारीख, मल्लांची वजने, लागलेली मिनिटे आणि निकाली डाव वहीत लिहून ठेवावा. गावोगावच्या कुस्त्यांचे गणित मांडायला एवढी माहिती पुष्कळ झाली.